राजीनामा दिलाय, पण कंपनी घेतच नाही: पहिल्यांदा नोकरी सोडणाऱ्यांसाठी

चाकणच्या एका कारखान्यात मी साडेसहा वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये होते. दुसरी नोकरी मिळाली, तेव्हा गणपतीच्या आदल्या आठवड्यात राजीनाम्याचं पत्र साहेबांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. "गणपती होऊ दे, मग बोलू." गणपती झाले. मग ऑडिट आलं. मग "दिवाळीपर्यंत थांबता येईल का बघ." शेवटी मी स्वतः एचआरकडे गेले, तर उत्तर मिळालं, "आमच्याकडे तुमचं पत्र आज येतंय. आजपासून ६० दिवस."

माझे २३ दिवस गेले. नव्या कंपनीने दोन आठवडे मुदत वाढवून दिली, उरलेल्या ९ दिवसांचा पगार मी खिशातून भरला. त्या दिवशी स्टोअरमधल्या काकांनी मला एकच प्रश्न विचारला, "पोच घेतली होतीस का?" घेतली नव्हती. पोच घ्यायची असते हेच मला माहीत नव्हतं.

म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. खाजगी कंपनीत काम करणाऱ्या आणि पहिल्यांदा नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाने पत्र देण्याच्या आधी हे वाचावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

१. तुम्हाला कोणता नियम लागू आहे ते आधी पाहा

खाजगी कंपनीत तुमचं आणि कंपनीचं नातं नियुक्तीपत्रातल्या अटींनी बांधलेलं असतं. मोठ्या कारखान्यात कामगार म्हणून असाल तर स्थायी आदेशही, म्हणजे तिथले कामाच्या अटींचे ठरलेले नियमही, लागू होऊ शकतात. साधारण नियम असा, की ठरलेली नोटीस पूर्ण केली की तुम्ही मोकळे. एअर इंडियाच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट म्हटलं, की राजीनामा देणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे, इच्छा नसताना त्याला कामावर ठेवता येत नाही. अपवादही तिथेच सांगितले आहेत: सेवानियमांत किंवा नेमणुकीच्या अटींत तशी तरतूद असेल, किंवा शिस्तभंगाची कारवाई टाळण्यासाठी राजीनामा दिला जात असेल, तर गोष्ट वेगळी.

सरकारी नोकरीत मात्र राजीनामा मंजूर झाल्याशिवाय नोकरी सुटत नाही. तिथे हा लेख पुरणार नाही, तुमचे सेवानियमच काढावे लागतील.

खाजगी शाळेतल्या शिक्षकांसाठी महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे, १९७७ चा, ज्याला सगळे एमईपीएस म्हणतात. त्याच्या कलम ७ प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत व्यवस्थापनाला रजिस्टर पोस्टाने पाठवायची, दुसरी स्वतःकडे ठेवायची. १९८१ च्या नियमावलीतला नियम ४० सांगतो, की कायम शिक्षकाने तीन महिन्यांची, कायम नसलेल्याने एका महिन्याची नोटीस द्यायची. आणि ती सुट्टीत किंवा सुट्टीचा भाग येईल अशी द्यायची नाही. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीच्या हिशोबाने आखणी करत असाल तर आधी तारखा मोजा.

२. नियुक्तीपत्र काढा आणि पेन्सिल घेऊन वाचा

वाचताना ह्या गोष्टींखाली रेघ मारा:

- नोटीस किती? ३० दिवस, ६०, ९०, की "दोन महिने"? दिवस आणि महिने यांत फरक पडतो.
- नोटिशीऐवजी पैसे भरून लवकर निघता येतं का, आणि ते कोणाच्या मर्जीवर? "कर्मचारी किंवा कंपनी, कोणीही" असं लिहिलं असेल तर हक्क तुमचा. "कंपनीच्या निर्णयानुसार" असं असेल तर नाही.
- नोटिशीत रजा घेतली तर नोटीस वाढते का?
- बाँड, म्हणजे ठरलेल्या काळाआधी सोडलं तर पैसे भरण्याची अट, आहे का, किती रकमेचा, किती काळाचा?
- तुम्ही अजून प्रोबेशनवर आहात का? तेव्हाची नोटीस बहुधा कमी असते.
- नंतर आलेल्या प्रमोशनच्या किंवा पगारवाढीच्या पत्रात नोटीस बदललीय का?

शेवटच्या मुद्द्यावर पुष्कळ लोक फसतात. रुजू होताना एक महिना असतो, तीन वर्षांनी पगारवाढीच्या पत्रात खालच्या ओळीत तीन महिने होतो आणि आपण फक्त वरचा आकडा वाचून सही करतो.

३. कागद घरी आणा, राजीनाम्याच्या आधी

काही कंपन्यांत राजीनामा टाकल्याबरोबर पोर्टल आणि मेल बंद होतात. मग स्वतःची पगारपावतीसुद्धा हात जोडून मागावी लागते. म्हणून आधी एवढं जमवा:

- नियुक्तीपत्र, कायम केल्याचं पत्र, सगळी पगारवाढीची पत्रं
- किमान शेवटच्या १२ महिन्यांच्या पगारपावत्या
- फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचं प्रमाणपत्र), जितक्या वर्षांचे मिळतील तितके
- यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) आणि पीएफचं पासबुक. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे का तेही तपासा
- शिल्लक रजांचा स्क्रीनशॉट, तारखेसह
- पदवीची मूळ प्रमाणपत्रं कंपनीने ठेवून घेतली असतील तर ती परत मागा. "बँकेच्या कामाला हवीत" एवढं कारण पुरतं

हे सगळे तुमचे स्वतःचे कागद आहेत. कंपनीची ड्रॉइंग, ग्राहकांच्या याद्या, किमतीच्या शीट यांना हात लावू नका. एक फाइल जरी वैयक्तिक मेलवर गेली तर राजीनामा बाजूला राहतो आणि चौकशी सुरू होते.

४. नव्या ठिकाणाहून लेखी येऊ द्या

फोनवर "तुमचं सिलेक्शन झालंय" म्हणणं म्हणजे ऑफर नव्हे. पगार, पद आणि रुजू होण्याची तारीख असलेलं पत्र हातात येईपर्यंत इथे तोंड उघडू नका. आणि तारीख मागताना नोटिशीच्या वर दहा-पंधरा दिवस जास्त मागा. मी नेमकी नोटिशीएवढीच तारीख मागितली होती.

आणखी एक हिशोब. पाच वर्षं पुरी व्हायला थोडे दिवस उरले असतील तर ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे सलग नोकरीबद्दल सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांसाठी, थांबणं फायद्याचं असतं. हे थोडं पुढे सविस्तर येईल.

५. पत्र: कळवा, परवानगी मागू नका

आपल्याला शाळेपासून अर्जाची सवय असते. "कृपया माझा राजीनामा मंजूर करावा ही नम्र विनंती." हे वाक्य लिहिलं, की तुम्हीच गोष्ट समोरच्याच्या मंजुरीवर नेऊन ठेवता. "मंजुरीनंतर मला कार्यमुक्त करावे" हे तर त्याहून वाईट. पत्र नम्र असू द्या, पण त्यात माहिती असू द्या. मी दुसऱ्यांदा दिलेलं पत्र साधारण असं होतं:

*"मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तीपत्रातील अटीनुसार ६० दिवसांची नोटीस आजपासून, म्हणजे ३ मार्चपासून देत आहे. त्यानुसार २ मे हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल. या काळात माझ्याकडील काम आपण नेमाल त्या व्यक्तीकडे पूर्णपणे सोपवीन. काम सोपवण्यासाठी व्यक्तीचे नाव कळवावे आणि शेवटच्या दिवशी कार्यमुक्तीचे पत्र मिळावे. येथे मिळालेल्या संधीबद्दल मी आभारी आहे."*

तारखा इथे फक्त नमुन्यासाठी बदलल्या आहेत. पत्राचा दिवस सोडून मोजा: ४ ते ३१ मार्च हे २८ दिवस, एप्रिलचे ३०, आणि २ मे हा साठावा. रविवार आणि महाराष्ट्र दिन यातच धरले जातात, कारण नोटीस कॅलेंडरच्या दिवसांनी मोजतात. तुमच्या पत्रात "कामाचे दिवस" असं वेगळं लिहिलं असेल तेवढाच अपवाद.

पत्रात कारण लांबलचक लिहू नका. "वैयक्तिक कारणास्तव" पुरे. साहेबांच्या वागण्याची तक्रार ह्या पत्रात घालू नका, तिची जागा वेगळी. पत्र इंग्रजीत लिहिलंत तरी मुद्दे हेच: राजीनामा, नोटिशीचा कालावधी, शेवटची तारीख.

एचआरने "आमच्या नमुन्यातच द्या" म्हटलं तर द्या, पण तारखेची जागा कोरी सोडून सही करू नका. "कोणतीही रक्कम येणे नाही" असं त्यात असेल तर ते वाक्य हिशोब होईपर्यंत खोडायला सांगा.

६. पोच

सगळा लेख विसरलात तरी चालेल, हा भाग विसरू नका. राजीनामा कोणत्या दिवशी पोचला, ह्यावरच नोटिशीचा पहिला दिवस ठरतो. तुम्ही दिला म्हणणं आणि दिल्याचा पुरावा असणं, यात माझे २३ दिवस गेले.

एकाच दिवशी तिन्ही मार्गांनी द्या.

पहिला, मेल. साहेब आणि एचआर दोघांनाही एकाच मेलमध्ये ठेवा, आणि स्वतःचा वैयक्तिक पत्ता प्रतीत घाला. कंपनीचा मेल उद्या बंद झाला तरी तुमच्याकडे प्रत राहते. कंपनीचं पोर्टल असेल तर तिथेही नोंद करा आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. फक्त व्हॉट्सॲपवर राजीनामा देऊ नका. ते संदेश पुढे आधार म्हणून उपयोगी पडतात, पण मुख्य पत्र म्हणून ते कमकुवत आहेत.

दुसरा, हातात. पत्राच्या दोन प्रती न्या. एक द्या आणि दुसरीवर, म्हणजे स्थळप्रतीवर, "मिळाले", सही, तारीख आणि शक्य तर शिक्का घ्या. कारखान्यात टाइम ऑफिसला किंवा रिसेप्शनला आवक नोंदवही असते. तिथे आवक क्रमांक पडला की पत्र ड्रॉवरमध्ये ठेवून कोणाला "मिळालंच नाही" म्हणता येत नाही. साहेबांनी सही नाकारली तर वाद घालू नका. शांतपणे बाहेर या आणि तिसरा मार्ग धरा.

तिसरा, पोस्ट. कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, एचआर प्रमुखांच्या नावे. २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. म्हणून काउंटरवर स्पीड पोस्टच मागा आणि पोचवल्याचा पुरावा हवा असं सांगा. पावती जपा, आणि ट्रॅकिंगमध्ये "पोचलं" दिसेल त्या दिवशी त्याचा फोटो काढा. ही नोंद नंतर सापडेलच असं नाही.

तीन मार्ग जरा जास्त वाटतील. चांगल्या ऑफिसात पहिल्याच मेलला एका दिवसात उत्तर येतं आणि बाकीचं लागतही नाही. पण उत्तर येणार नाही हे तुम्हाला कळतं तेव्हा पंधरा दिवस होऊन गेलेले असतात.

७. "थांब जरा" ह्याला उत्तर कसं द्यायचं

पत्र दिल्यावर बोलावणं येतं. पगार वाढवू, पद देऊ, तुझ्यासारखं माणूस मिळत नाही. हे खरंही असू शकतं. राहायचं असेल तर राहा, पण लेखी घेऊन. तोंडी आश्वासनावर नव्या कंपनीला नकार कळवू नका.

जायचं असेल तर प्रत्येक बोलण्यानंतर त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाका: "आज सकाळी आपण बोललो. आपण दिवाळीपर्यंत थांबण्यास सांगितलंत. मला ते शक्य नाही. माझ्या पत्रात कळवल्याप्रमाणे २ मे हाच शेवटचा दिवस राहील." भांडण नाही, आवाज नाही. मला हे फार जड गेलं होतं, कारण त्या साहेबांनीच मला काम शिकवलं होतं. तरीही लिहावं लागतं.

ह्या काळात ऐकू येणाऱ्या काही गोष्टी आणि त्यांतलं खरं:

"बदली माणूस मिळेपर्यंत सोडणार नाही." माणूस शोधणं हे कंपनीचं काम आहे. नोटीस त्यासाठीच असते.

"राजीनामा नामंजूर." नियुक्तीपत्रात मंजुरीची अट नसेल आणि तुमच्यावर चौकशी नसेल, तर नोटीस चालूच राहते. कोणाकडून जबरदस्तीने नोकरी करून घेण्याचा आदेश न्यायालय देत नाही. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ मध्ये तशी सोय नाही. कराराचा भंग झाला असेल तर कंपनी भरपाई मागू शकते. म्हणून भंग होऊ द्यायचा नाही, नोटीस पुरी करायची.

"आमच्या स्पर्धकाकडे जाता येणार नाही." नोकरी संपल्यानंतर दुसरीकडे काम करण्यावरची बंदी भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ पुढे टिकत नाही. गुपितं फोडायची नाहीत ही अट मात्र टिकते.

"बाँड आहे." हा विषय हलका घेऊ नका. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरण्याची अट योग्य ठरवली. बाँड म्हटला की रद्दच, असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. कंपनीने खरोखर किती खर्च केला आणि रक्कम वाजवी आहे का, यावर गोष्ट ठरते. रक्कम मोठी असेल तर पत्र देण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा भेटा.

आणि उलट बाजूचा सापळा. रागाच्या भरात राजीनामा दिला आणि मन बदललं, तर मागे घेण्याचं पत्रही तितक्याच घाईने, पोच घेऊन द्या. कोकण रेल्वेत २३ वर्षं काम केलेल्या एका कर्मचाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली पुन्हा कामावर घ्यायला लावलं, कारण राजीनाम्याची मंजुरी त्याला रीतसर कळवण्याआधीच त्याने तो मागे घेतला होता.

८. नोटिशीचे दिवस

रोज जा. वेळेवर जा. हजेरी लावा. ह्या दिवसांत कोणी न सांगता दोन-तीन दिवस दांडी मारली तर "काम सोडून पळाला" असं पत्र निघायला वेळ लागत नाही, आणि मग तुमचा स्वच्छ राजीनामा डागाळतो. आजारी पडलात तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र त्याच दिवशी मेल करा.

काम सोपवायला माणूस दिला नाही तर सगळं लिहून काढा: कोणती कामं चालू, कुठल्या फाइली कुठे, कोणाचा फोन कशासाठी येतो. ती यादी साहेब आणि एचआरला मेलने पाठवा. मी शेवटच्या आठवड्यात ११ पानं लिहिली होती. ती माझ्या जागी आलेल्या मुलीला उपयोगी पडली असं नंतर कळलं, आणि "काम अर्धवट टाकून गेली" असं कोणी म्हणू शकलं नाही.

९. शेवटचा दिवस, मंजुरी आली नसली तरी

आठवडाभर आधी एक आठवण पाठवा: अमुक तारखेला शेवटचा दिवस, नो ड्यूजचा (काही देणं बाकी नसल्याचा) फॉर्म कोणाकडे द्यायचा, लॅपटॉप कोणाकडे.

त्या दिवशी लॅपटॉप, ओळखपत्र, सिम, चाव्या, सेफ्टी शूज, जे असेल ते परत करा आणि प्रत्येक वस्तूची पावती घ्या, लॅपटॉपचा क्रमांक घालून. कोणी घ्यायलाच तयार नसेल तर फोटो काढा, "वस्तू परत करायला तयार आहे, कोणाकडे द्यायच्या ते कळवा" असा मेल करा आणि उत्तर नाही आलं तर कुरिअरने पाठवा. संध्याकाळी निघण्याआधी शेवटचा मेल: नोटीस आज पूर्ण झाली, काम सोपवलं, वस्तू दिल्या, कार्यमुक्तीचं पत्र आणि हिशोब मिळावा.

नव्या कंपनीला हे कार्यमुक्तीचं पत्र, म्हणजे रिलीव्हिंग लेटर, लागतं आणि अडवणारे नेमकं तेच अडवतात. म्हणून नव्या एचआरला आधीच मोकळेपणाने सांगा. राजीनाम्याची पोच, शेवटच्या दिवसाचा मेल, पगारपावत्या आणि पीएफ पासबुक एवढ्यावर बऱ्याच कंपन्या रुजू करून घेतात आणि पत्रासाठी मुदत देतात. लपवलंत तर पडताळणीत अडचण येते.

१०. पैसे

*पगार.* केंद्राच्या चारही कामगार संहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले नवे कायदे) २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. "फुल अँड फायनलला (शेवटच्या हिशोबाला) ४५ दिवस लागतात" हे वाक्य अजून ऐकू येतं. वेतनाच्या बाबतीत ही तरतूद मेलमध्ये नम्रपणे लिहा.

*ग्रॅच्युइटी.* कायम नोकरीत सलग पाच वर्षं पुरी झाली असतील तर. शेवटचं वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. वेतन २६,००० आणि नोकरी ६ वर्षं ७ महिने असेल, तर १५,००० गुणिले ७, म्हणजे १,०५,०००. अर्ज स्वतः द्या, पोच घेऊन. ती ३० दिवसांत मिळायला हवी.

*नोटिशीची वसुली.* कमी पडलेल्या दिवसांचे पैसे कापताना त्यावर जीएसटी लावला तर विचारा. ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही असं सांगितलं आहे. माझ्या ९ दिवसांच्या हिशोबात तो आधी लावला होता, परिपत्रक दाखवल्यावर काढला.

*दिवाळीचा बोनस.* बोनसच्या कायद्यात बसत असाल आणि त्या हिशोबी वर्षात किमान ३० दिवस काम केलं असेल, तर दिवाळीला तुम्ही तिथे नसलात म्हणून बोनस बुडत नाही. तेवढ्यासाठी राजीनामा लांबवू नका.

*पीएफ.* काढू नका, नव्या खात्यात वळवा. त्यासाठी जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली असावी लागते. नव्या नोकरीची रुजू तारीख जुन्या शेवटच्या तारखेच्या आधीची पडू देऊ नका, दोन नोकऱ्या एकमेकींवर चढल्या की दावा अडकू शकतो.

११. तरीही अडवलं तर

आधी एचआर प्रमुखांना तारखांसह एक लेखी पत्र, सात दिवसांची मुदत देऊन. मग वकिलाची नोटीस. बऱ्याचदा गाडी इथेच हलते. कामगार म्हणून मोडत असाल तर जिल्ह्याच्या कामगार उपायुक्त किंवा सहायक कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार देता येते, पगार आणि ग्रॅच्युइटीसाठी तर नक्कीच. जाताना तारखांचा एक पानी तक्ता करून न्या: पत्र कधी, पोच कधी, शेवटचा दिवस कधी, काय बाकी. तिथल्या माणसाला पाच मिनिटांत प्रकरण कळायला हवं.

पीएफची तारीख भरत नसतील तर कंपनीची वाट पाहत बसू नका. शेवटचा हप्ता जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी सदस्य पोर्टलवर "मॅनेज" मध्ये जाऊन "मार्क एक्झिट" निवडा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि तारीख तुम्ही स्वतः भरता. शेवटचा हप्ता ज्या महिन्याचा आहे त्याच महिन्यातली तारीख घाला. भरण्याआधी पासबुकात महिना पुन्हा एकदा तपासा, कारण चुकीची तारीख नंतर बदलून घ्यायला त्याच जुन्या कंपनीच्या दारात जावं लागू शकतं.